‘द स्टील’च्या शेजारी

आमच्या गल्लीच्या टोकाला उभं राहिलं, की खाली नदीकाठी पाच झोतभट्ट्या दिसतात. गंजून तांबडट झालेल्या, एकमेकींना खेटून उभ्या. लीहाय नदीच्या दक्षिण काठावर मैलोगणती पसरलेला हा कारखाना बेथलहेम स्टीलचा. गाव पेनसिल्व्हेनियातलं, कंपनीला नाव गावाचंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं पोलाद या कंपनीचं. दुसऱ्या महायुद्धात एकट्या या गावातल्या कारखान्यात तीसेक हजार माणसं कामाला होती. १८ नोव्हेंबर १९९५ रोजी इथे शेवटचं पोलाद ओतलं गेलं आणि भट्ट्या निवल्या. आता रात्री त्यांच्यावर रंगीत दिवे सोडतात, समोरच्या पटांगणात गाण्याचे कार्यक्रम होतात, आणि जुन्या कारखान्याच्या जागेवर २००९ पासून कॅसिनो आहे.

गावातलं कोणी कंपनीचं पूर्ण नाव घेत नाही. ‘वडील द स्टीलमध्ये होते,’ एवढंच म्हणतात. लालबागला ‘वडील गिरणीत होते’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नसे, तसंच. मी लालबागची. माझे वडील गिरणीत होते. म्हणून असेल, १९९९ साली लग्न होऊन इथे आले, पहिल्याच आठवड्यात त्या बंद भट्ट्या पाहिल्या आणि हे परकं गाव मला ओळखीचं वाटलं.

अमेरिकेच्या राजकारणावर मराठीत पुष्कळ लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा ते वॉशिंग्टनकडे तोंड करून लिहिलेलं असतं. मला त्यातलं जे काही उमगलं ते या गल्लीत उमगलं.

आमच्या शेजारी एक वयस्क जोडपं राहायचं. माझी मुलगी बोलायला लागली तेव्हा तिने शेजारच्या गृहस्थांना ‘आजोबा’ अशी हाक मारली आणि ते शेवटपर्यंत त्या हाकेला ओ देत राहिले. जन्म १९३८ चा, घराणं मूळ स्लोव्हाकियाकडचं. एकोणिसाव्या वर्षी द स्टीलमध्ये लागले आणि भट्ट्या बंद झाल्या तेव्हा बाहेर पडले. थंडीत आमच्या दारापुढचा बर्फ मी उठायच्या आत त्यांनी ओढलेला असायचा.

२००३ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी ते हातात पाकीट घेऊन आले. मी इस्पितळाच्या बिलांच्या विभागात काम करते हे त्यांना माहीत होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, ‘हे मला नीट वाचून दाखव. मी वाचलंय, पण तू वाच.’ कंपनीने २००१ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. २००२ च्या डिसेंबरमध्ये सुमारे ९५ हजार कामगार आणि पेन्शनरांच्या पेन्शनीचा बोजा सरकारी हमी महामंडळाकडे गेला. आणि आता या पत्रात लिहिलं होतं, की निवृत्तांचा आरोग्यविमा महिनाअखेर बंद. अमेरिकेत सरकारी मेडिकेअर मिळते ती पासष्टाव्या वर्षी. आजोबांना पासष्ट पुरी व्हायला सहा महिने होते. आजी साठ वर्षांच्या, आणि त्यांना इन्सुलिन लागायचं. म्हणजे त्यांच्यासाठी पाच वर्षं.

आजोबांनी पाकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीने दोन रकाने आखले. एकीकडे पेन्शन, दुसरीकडे विमा, औषधं, घराचा कर. मी आकडे सांगत होते, ते लिहीत होते. त्यांनी तीन वेळा बेरीज केली. मग पेन्सिल खिशाला लावली, ‘थँक यू, हनी’ म्हणाले आणि गेले. मे महिन्यापासून ते गावातल्या एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ढकलगाड्या गोळा करायच्या नोकरीला लागले, कारण त्या नोकरीत विमा होता. अडतीस वर्षं लालभडक पोलाद लाटणाऱ्या रुळांशी उभा राहिलेला माणूस.

त्यांनी आयुष्यातलं पहिलं मत १९६० साली केनेडींना दिलं. ‘तो कॅथलिक, आम्ही कॅथलिक. आणि युनियनने सांगितलं होतं,’ ते म्हणायचे. त्या काळात युनियन, चर्च, मोहल्ल्यातला क्लब आणि डेमोक्रॅटिक पक्ष यांत माणसं तीच असायची. एका ठिकाणी भेटलेला दुसरीकडेही भेटायचा. एकदा १९८४ ला रिपब्लिकन पक्षाच्या रेगनना मत दिलं, पुन्हा फिरून डेमोक्रॅट क्लिंटन, गोर, केरी, आणि दोनदा ओबामा. २०१६ ला रिपब्लिकन ट्रम्प.

मला धक्का बसला होता, हे मी लपवलं नाही. मी तेव्हा नुकतीच नागरिक झाले होते आणि माझं पहिलं मत ट्रम्प यांच्या विरुद्ध पडलं होतं. ओसरीवर बसून मी आजोबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, ‘वीस वर्षं जो तो मला सांगत होता, की पाऊस पडतो तसं हे आपोआप झालं. हा पहिला माणूस म्हणाला, की हे कुणीतरी केलंय.’

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. कारखाना जुना झाला होता. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत स्वस्त पोलाद काढणाऱ्या छोट्या कारखान्यांशी त्याला टक्कर देता येत नव्हती. कोणी काही केलं नसतं तरी तो आजारीच पडला असता. पण बाकीच्या गोष्टी कुणीतरी केल्याच होत्या. मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा खुल्या व्यापाराचा करार १९९४ पासून लागू झाला. त्यावर सही डेमोक्रॅट क्लिंटन यांची होती आणि प्रतिनिधिगृहात त्याला जास्त मतं रिपब्लिकनांची पडली होती. २००१ च्या डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यालाही दोन्ही पक्षांचा टेकू होता. २००० साली देशात कारखान्यांमधल्या नोकऱ्या १ कोटी ७० लाखांच्या वर होत्या, दहा वर्षांत त्या १ कोटी १५ लाखांच्या आसपास आल्या. या दहा वर्षांत आजोबांसारख्यांना दोन्ही पक्षांनी दिलेला सल्ला एकच होता: नवीन काही शिका. पासष्टीच्या माणसाने काय शिकायचं होतं?

बेथलहेम स्टीलचे उरलेसुरले कारखाने २००३ साली उद्योगपती विल्बर रॉस यांच्या कंपनीने विकत घेतले, पेन्शन आणि विम्याची जबाबदारी न घेता. पुढे ती कंपनी लक्ष्मी मित्तलांच्या साम्राज्यात विलीन झाली. आणि २०१७ मध्ये हेच रॉस ट्रम्प यांचे वाणिज्यमंत्री झाले. मी पेपर घेऊन आजोबांकडे गेले. मला वाटलं, आता तरी. त्यांनी चष्मा लावून बातमी पूर्ण वाचली, घडी घातली आणि म्हणाले, ‘बाकीच्यांनी भाषणं केली. याने निदान विकत घेऊन दुसऱ्या गावांतले कारखाने तरी चालवले.’ मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की मी ज्याला विसंगती म्हणत होते तो त्यांच्या हिशेबात सरळ जमाखर्च होता.

आमची नॉर्थॅम्प्टन काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, अमेरिकेतल्या पत्रकारांना चांगली ठाऊक आहे. १९२० पासून इथे जो जिंकला तो राष्ट्राध्यक्ष झाला, अपवाद फक्त तीन: १९६८, २००० आणि २००४. ओबामा दोनदा, मग ट्रम्प, मग हजार-सव्वाहजार मतांनी बायडन, मग पुन्हा ट्रम्प. दर चार वर्षांनी कॅमेरे येतात, एखाद्या खानावळीत चार म्हाताऱ्यांना गाठतात आणि ‘पांढरपेशा नसलेला गोरा मतदार’ म्हणून दाखवतात. पण गाव तेवढंच नाही. ते आधीही तेवढंच नव्हतं. १९२३ साली कंपनीने टेक्सासहून सुमारे ९०० मेक्सिकन कामगार आगगाडीने इथे आणले होते. हंगेरियन, स्लोव्हाक, इटालियन, पोर्तुगीज, मेक्सिकन, नंतर पोर्तो रिकन. भट्टीला माणसं लागतील तशी ती येत गेली आणि त्यांची मुलं मतदार झाली.

इथे मला आकड्यांशी थोडं थांबावंसं वाटतं. प्रतिनिधिगृहात जागा ४३५, शंभरेक वर्षांत त्या वाढलेल्या नाहीत. दर दहा वर्षांनी जनगणना होते, ज्या राज्यात माणसं वाढली त्याला जागा जास्त, जिथून गेली त्याच्या कमी. राष्ट्राध्यक्षही थेट लोकांच्या मतांनी नव्हे, राज्याराज्याला वाटून दिलेल्या मतांनी निवडला जातो, आणि त्या मतांचा हिशेब याच जागांवर बेतलेला. १९२० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाची अशी ३८ मतं होती. आज १९ आहेत, बरोबर निम्मी. तेव्हा फ्लोरिडाची ६ होती, आज ३० आहेत. एअर कंडिशनर आला, निवृत्तांनी ऊन जवळ केलं, दक्षिणेत युनियनचा जोर कमी आणि मजुरी स्वस्त म्हणून उद्योगही तिकडे सरकले. आजोबांचा एक मुलगा नॉर्थ कॅरोलायनात, दुसरा फ्लोरिडात. दोघं नोकरीच्या मागे गेले. जाताना आपण राजकीय नकाशा हलवतो आहोत असं कोणाच्या मनात येत नाही. घर आवरून ट्रक भरायचा असतो.

याच्या उलट दिशेचं एक मोठं स्थलांतर त्याआधी झालं होतं. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळे लोक दक्षिणेतून फिलाडेल्फिया, शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांत आले. दक्षिणेत त्यांना मत देऊ दिलं जात नव्हतं, उत्तरेत ते मतदार झाले. डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा दक्षिणेतले वर्णभेदवादी गोरेही होते आणि हे नवे मतदारही. दोघांना एका छपराखाली ठेवणं वर्षानुवर्षं जड होत गेलं, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे हळूहळू रिपब्लिकन झाले. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कुठल्या देशातून किती माणसं येऊ द्यायची याच्या कोट्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. माझं इथे असणं त्या सहीत आहे. १९७० मध्ये परदेशात जन्मलेले लोक अमेरिकेत पाच टक्केही नव्हते. आज साधारण चौदा-पंधरा टक्के आहेत.

या वाढत्या आकड्याकडे पाहून डेमोक्रॅटांना एक भरवसा वाटू लागला: गोरे कमी होणार, बाकीचे वाढणार, म्हणजे पक्ष आपसूक जिंकत राहणार. ओबामांच्या दोन विजयांनंतर तो भरवसा पक्का झाला. रिपब्लिकनांनाही तीच भीती वाटत होती. २०१३ साली त्यांच्या पक्षाने स्वतःच्या पराभवाची चिकित्सा करून अहवाल काढला, त्यात स्थलांतराच्या कायद्यात सुधारणा करा, लॅटिनो मतदारांना जवळ करा, असा सल्ला होता. ट्रम्प नेमके उलट वागले आणि जिंकले. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी मिळून ८० हजारही भरत नव्हती.

तरीही तेव्हा असंच वाटलं, की हा जुन्या लोकसंख्येचा शेवटचा जोर. मलाही वाटलं होतं. मग टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी घ्या. शंभरातले सत्त्याण्णव लोक लॅटिनो. १८९६ पासून २०२० पर्यंत राष्ट्राध्यक्षाच्या दर निवडणुकीत डेमोक्रॅट. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन तिथे साठ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या, २०२० मध्ये बायडन जेमतेम पाच टक्क्यांनी, आणि २०२४ मध्ये ट्रम्प सोळा टक्क्यांनी. माणसं तीच होती. त्या आठ वर्षांत त्यांच्या घरात काय झालं हे डोकी मोजून कळणार नव्हतं.

ते मला थोडंसं आमच्याच भागात कळलं. बेथलहेमला लागून ॲलनटाउन. २०२० च्या जनगणनेत तिथली निम्म्याहून जास्त वस्ती लॅटिनो आहे, मुख्यतः पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिककडची. न्यूयॉर्कचं भाडं परवडेना म्हणून बरेच जण इकडे सरकले. बंदर जवळ, महामार्ग दारातून गेलेला, त्यामुळे जिथे मक्याची शेतं होती तिथे आता वेअरहाऊस आहेत, एकेक इतकं लांब की त्याच्या शेजारून गाडी चालवताना वाटतं भिंत संपतच नाही. द स्टील गेल्यावर या खोऱ्यात हातांना काम दिलं ते इस्पितळांनी आणि या वेअरहाऊसनी.

मी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. माझ्या शेजारी बसणारी, स्पॅनिश बोलणाऱ्या मतदारांना मदत करणारी बाई पोर्तो रिकन. रात्रपाळीला वेअरहाऊसमध्ये असते. तिथे सगळं ‘रेट’वर चालतं: तासाला किती वस्तू उचलून स्कॅन केल्या, तो आकडा. मनगटाला पट्टा बांधते. तो एकदा तिने काढला तेव्हा खाली कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होती. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक, पण बेटावर राहत असताना त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही. तेच लोक विमानाने ॲलनटाउनला उतरून इथले रहिवासी झाले, की देशातल्या सर्वांत अटीतटीच्या राज्याचे मतदार होतात.

२०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस ट्रम्प यांच्या न्यूयॉर्कच्या सभेत एका विनोदवीराने पोर्तो रिकोला तरंगतं कचऱ्याचं बेट म्हटलं. दोनच दिवसांनी ट्रम्प यांची सभा ॲलनटाउनमध्ये होती. माझ्या शेजारी बसणारी ती बाई संतापली होती. तिच्या आईने खिडकीला बेटाचा झेंडा लावला. डेमोक्रॅट कार्यकर्ते म्हणू लागले, की आता पेनसिल्व्हेनिया आपलंच. पण तिच्या भावाने मत दिलं ट्रम्पनाच. तिने मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. भाऊ तिला म्हणाला होता, ‘मलाही लागलं ते. पण माझं भाडं तीन वर्षांत अकराशेचं सतराशे झालं, ते त्या विनोदवाल्याने केलं नाही.’

महागाई २०२२ च्या जूनमध्ये ९.१ टक्क्यांवर गेली होती. पुढे उतरली, बेकारी चार टक्क्यांच्या आसपास होती, अर्थतज्ज्ञांच्या तक्त्यांत सारं ठीक होतं. पण महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरत नाहीत, वाढायचा वेग उतरतो. हे सत्ताधारी पक्षाने टीव्हीवर समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि ज्याच्या हातात अंड्यांचा डबा होता त्याला ते ऐकवेना. ॲलनटाउन ज्यात येतं त्या लीहाय काउंटीत डेमोक्रॅट जिंकले, पण २०२० पेक्षा खूप कमी फरकाने. राज्य ट्रम्प यांनी सुमारे १ लाख २० हजार मतांनी घेतलं. आणि पुढच्याच वर्षी, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, न्यू जर्सीत ट्रम्प यांनी जिंकलेली, लॅटिनोंची मोठी वस्ती असलेली पसेइक काउंटी गव्हर्नरच्या निवडणुकीत पुन्हा डेमोक्रॅटांकडे गेली. भाव उतरलेले नव्हते. सरकार बदललेलं होतं.

मला यात एक गोष्ट मनापासून खुपते. २०२० मध्ये बायडन यांनी जिंकलेल्या पाचशेच्या आसपास काउंट्यांमध्ये देशाचं सुमारे सत्तर टक्के उत्पन्न निघत होतं, आणि ट्रम्प यांनी जिंकलेल्या अडीच हजारांहून जास्त काउंट्यांमध्ये उरलेलं तीस. मजुरांचा म्हणवणारा पक्ष मोठ्या शहरांचा, पदवीधरांचा, चांगल्या पगाराचा पक्ष झाला आणि त्याला ते बरीच वर्षं जाणवलंही नाही. मी त्याच पक्षाला मत देते. म्हणून जास्त खुपतं.

आम्ही मराठी लोक या हिशेबात कुठे बसतो? दिवाळीच्या जेवणाला आमच्याकडे वीसेक घरं जमतात. पंधरा वर्षांपूर्वी राजकारण निघालं की सगळे एका सुरात बोलायचे. आता मुलांच्या कॉलेजप्रवेशात वंश पाहावा की नाही, कर किती असावा, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या भाच्याचं काय होणार, यावरून ताटं हातात धरून वाद होतात. भारतीय मतदार अजून बहुसंख्येने डेमोक्रॅट आहेत, पण २०२० पेक्षा २०२४ मध्ये ते प्रमाण घटलं, आणि आमच्या तरुण मुलग्यांमध्ये ते डोळ्यांना दिसतं. दुसरीकडे बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. बहुसंख्य काळ्या वस्तीचं ते शहर, आणि त्या वेळी अनेक दशकांत पहिल्यांदा त्याचा एकही काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. आपल्याला अभिमान वाटतो, वाटावाही. पण तिथल्या लोकांना काय वाटलं असेल हेही मनात येतं.

आणि मला लालबाग आठवतं. आमच्या चाळीत आधी लाल बावटा होता. मग शिवसेना आली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख घरांची चूल डगमगली. १९८४ ला सगळा देश काँग्रेसच्या मागे असताना आमच्या भागाने दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं. वडील तेव्हा रिकाम्या दिवसांत गॅलरीत बसून असायचे, कान भोंग्याकडे. बाहेरून पाहणारे म्हणायचे, हे लोक सारखे झेंडे बदलतात. त्यांचा झेंडा बदलला तेव्हा घरात काय बदललं होतं, हे मला माहीत आहे. आई दुपारची भाकरी स्वतःसाठी थापत नव्हती.

आजी २०१२ मध्ये गेल्या, आजोबा २०२१ मध्ये. २०२० ला त्यांनी कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मुलांनी येऊन घर विकलं. त्या सुमारास न्यूयॉर्क-न्यू जर्सीहून लोक घरं पाहायला रांगा लावत होते. घर ब्राँक्समधून आलेल्या एका डॉमिनिकन कुटुंबाने घेतलं. आजोबांच्या टोमॅटोच्या वाफ्यात आता मिरच्या आहेत, आणि पहाटे साडेपाचला कर्ता मुलगा वेअरहाऊसच्या पाळीला निघतो तेव्हा त्याच्या गाडीच्या आवाजाने मला जाग येते.

२०२४ च्या मतदानाला तो पाळी संपवून आला, अंगात अजून पिवळं जॅकेट. या केंद्रावर पहिल्यांदाच आलेल्याला ओळखपत्र दाखवावं लागतं. त्याने लायसन्स पुढे केलं. नाव नवं होतं, खाली पत्ता आजोबांचा. मी यादीत त्याचं नाव शोधायला थोडा जास्तच वेळ लावला असणार, कारण त्याने काळजीने विचारलं, ‘माझं नाव आहे ना?’

‘आहे,’ मी म्हटलं, आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.